तीन बोटं बाहेर

चाकं आली तेव्हा तो जाऊन तीन महिने होत आले होते.

सकाळी साडेदहाला टेम्पोवाल्यानं बेल वाजवली, चार चौकोनी खोकी दारात उतरवली आणि कागद पुढे केला. खोक्यांवर त्याचंच नाव होतं. "साहेब आहेत का घरात?" टेम्पोवाल्यानं विचारलं. ती "नाहीत" म्हणाली आणि स्वतःची सही ठोकून मोकळी झाली. खोटं असं काही बोलली नव्हती. तरी दार लावल्यावर बराच वेळ ती कडीला हात लावून तशीच उभी राहिली.

तिच्या सुट्टीचा वार होता. एरवी या वेळी ती चष्म्याच्या दुकानात असायची. मागच्या छोट्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकांना खुर्चीत बसवून डोळे तपासायचे, नंबर काढून द्यायचा, हे तिचं काम. चौदा वर्षं ती हेच करत आली होती. लोकांची हनुवटी टेकवून घ्यायची, "आता स्पष्ट की मघाशी स्पष्ट?" असं दिवसातून शंभरदा विचारायचं. घरी कधी भाजीत मीठ कमी की जास्त यावरून वाद झाला, की नवरा तिच्याच आवाजात विचारायचा, "आता खारट की मघाशी खारट?"

बेल ऐकून सासरे बाहेर आले. खोकी बघून त्यांना क्षणभर काही उमगेना. मग खोक्यावरचं चाकाचं चित्र दिसलं आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा काही उजळला, की तिला बघवेना.

"आली," ते म्हणाले. "त्याची चाकं आली."

सासरे एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. मुलानं बारा वर्षं जुनी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार आणून दारात उभी केली, तेव्हा सगळ्यात जास्त टिंगल त्यांनीच केली होती. "दोन माणसं बसतात त्याला गाडी नाही म्हणत, बाकडं म्हणतात." पण मुलगा ऐकणाऱ्यातला नव्हता. सहा वर्षं त्यानं सुट्टीचा एकेक दिवस त्या बाकड्याला वाहिला. इंजिन उतरवलं, चढवलं. रंगही स्वतःच मारला, करडा, सात हात, आणि प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपरनं घासून. शेवटचं काम राहिलं होतं ते चाकांचं. मूळची सात इंच रुंदीची रिम काढून नऊ इंची घालायची, त्यावर रुंद टायर. मग गाडी वळणावर रस्ता सोडणार नाही, असं तो म्हणायचा. ती म्हणायची, "वळणावर रस्ता सोडेल एवढी तू ती पळवतोस तरी कुठे?" त्यावर तो हसायचा नुसता.

साचे बनवणाऱ्या कारखान्यात तो मोजमाप तपासायच्या खात्यात होता. मित्र त्याला 'सूतभर' म्हणत, कारण त्याला सूतभरसुद्धा फरक खपायचा नाही. भिंतीवर फोटो लावायचा तरी टेप, पेन्सिल आणि पाणसळ घेऊन यायचा, आणि घरातल्यांचे हात खिळा धरून दुखायला लागायचे.

"फिटरला फोन कर," सासरे म्हणाले. "आजच बसवून टाकू."

"बाबा, आज लगेच कशाला?"

"मग कधी?"

तिनं फोन केला.

फिटर म्हणजे नवऱ्याचा शाळेपासूनचा दोस्त. टायर आणि चाकांच्या अलाइनमेंटचं त्याचं छोटं गॅरेज होतं, एका रांगेतल्या सहा गाळ्यांपैकी शेवटचं. नवे रुंद टायर सहा महिन्यांपूर्वीच येऊन त्याच्याकडे रचून ठेवलेले होते. त्यांच्यावरची धूळ तो मधूनमधून फडक्यानं पुसायचा, असं त्यानंच तिला एकदा सांगितलं होतं. रिम तेवढी ऑर्डरप्रमाणे बनवून येणार होती, म्हणून वेळ लागला. इतका लागला, की मागवणारा मधल्या मध्ये निघून गेला.

दुपारी एकपर्यंत गाडी गॅरेजमध्ये चार जॅकवर चढली. फिटरनं खोकी फोडली. रिम खरोखर सुंदर होती. काळपट चंदेरी, सुबक दहा आऱ्यांची. फिटरनं मशिनवर टायर चढवले, हवा भरली, टायर रिममध्ये घट्ट बसल्याचा दणका झाला तेव्हा सासरे दचकले आणि हसले. तीही हसली. तीन महिन्यांत त्या दोघांनी एका गोष्टीवर हसण्याची ही पहिलीच वेळ असावी.

मग फिटरनं मागच्या बाजूचं डावं चाक उचलून हबवर, चाक धरणाऱ्या तबकडीवर, लावलं, नट हातानं फिरवले आणि दोन पावलं मागे सरकून बघितलं.

पुन्हा पुढे झाला, खाली वाकून आतून बघितलं. मग हाताची बोटं आडवी जोडून गाडीच्या पत्र्याला टेकवली. एक, दोन, तीन. तीन बोटं भरली तरी टायर त्याच्याबाहेर होताच. लहान झालेल्या शर्टातून पोट बाहेर यावं, तसं चाक गाडीच्या अंगातून बाहेर आलं होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "हे बसत नाही."

"बसलंय की," सासरे म्हणाले. "नट लागलेत ना?"

"हबवर बसलंय काका. गाडीत नाही बसत. जॅक उतरवला की पत्रा टायरवर टेकणार. पहिल्याच खड्ड्यात टायर कापला जाईल." त्यानं आपला पंजा उभा धरला. "हे बघा. हा पंजा म्हणजे चाकाची रुंदी. हबला हे कुठे चिकटतं, पंजाच्या मध्यावर, की मध्याच्या किती बाहेर, तो आकडा असतो. त्याला ऑफसेट म्हणतात. आकडा मोठा असला की चाक आत बसतं, लहान असला की बाहेर येतं. आपला आकडा अडतीस. माझ्यासमोर मोजलाय त्यानं. मी म्हटलं, चाळीसच घे, सरळ आकडा आहे. तर म्हणाला, वरचे दोन मिलीमीटर काय तुझ्या घरचे आहेत का?"

त्यानं दुसरं चाक उलटं केलं. आतल्या बाजूला बारीक आकडे कोरलेले होते. त्यानं बॅटरी मारली. आठ.

"बनवणाऱ्यांनी घोळ घातला," सासरे म्हणाले. "लाव त्यांना फोन."

फिटरनं फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. दहा मिनिटांत त्यानं ऑर्डरच्या फॉर्मचा फोटो पाठवला. तिघांनी फोनवर डोकी जुळवून बघितला. अक्षर त्याचंच होतं, तिरकं, टोकदार. रुंदी नऊ. ऑफसेट आठ. खाली सही.

फिटर डोकं खाजवत राहिला. "सूतभरकडून अशी चूक? डोक्यात जात नाही माझ्या."

"चूक कशावरून?" सासऱ्यांचा आवाज चढला. "आठ लिहिलंय म्हणजे आठच हवं असणार त्याला. काहीतरी योजलं असेल. पत्रा बाहेर काढायचा असेल. करतात ना तसं?"

"करतात. आतली कड गरम करून रोलरनं वळवतात. पण त्यानं जागा मिळते बोटभर. तीन बोटं नाही मिळत."

"तू करून तर बघ. माझ्या मुलानं मोजलंय."

फिटरनं तिच्याकडे बघितलं. तिनं 'नको' म्हणायला हवं होतं. पण म्हातारा त्या चाकाकडे असा बघत होता, जणू मुलगा आत्ताच गाडीखालून सरपटत बाहेर येणार आहे. ती म्हणाली, "बघा जमलं तर."

फिटरनं चाक उतरवलं, हबवर रोलरचं हत्यार बसवलं, हीट गननं पत्रा तापवला. हळूहळू, हात मागेपुढे करत, पत्र्याच्या आतल्या कडेवरून रोलर फिरवायला लागला. प्रत्येक फेरीला थोडा दाब वाढवायचा, मग पुन्हा तापवायचं. पाऊण तास गेला. घाम त्याच्या नाकावरून टपकत होता. पत्रा सुरुवातीला शहाण्यासारखा वळला. सासरे "बघ, बघ" म्हणाले. मग एक बारीकसा आवाज झाला, नखानं कागद फाडावा तेवढाच, आणि चाकावरच्या कमानीवर रंगाला केसाएवढी चीर गेली. तिथून दुसरी निघाली. मग बशीएवढा तुकडा सुटला आणि फरशीवर पडला. सातही हात त्याच्या कडेला दिसत होते, एकावर एक.

मग सासरे फुटले.

"वाट लावलीस तू! हाताला काही अंदाज आहे का तुझ्या? सहा वर्षं घालवली त्यानं या रंगावर, सहा वर्षं! जिवंत असता तर तुला दारात उभं केलं नसतं!"

फिटरनं मान खाली घातली. त्याचाही तो जिवाभावाचा माणूस होता. शेवटच्या दिवसांत रोज सकाळी दवाखान्यात येऊन बसणारा. त्यानं एवढंच म्हटलं, "काका, मी आधीच सांगितलं होतं."

"काय सांगितलंस? घरी वही आहे त्याची. सगळं लिहिलेलं असतं त्यात. कसं करायचं ते त्यानं लिहून ठेवलं असणार. जा गं, वही घेऊन ये. याला दाखवू दे."

ती निघाली. चालत पंधरा मिनिटांचं अंतर होतं. खरं म्हणजे तिलाही तिथून बाहेर पडायचंच होतं.

त्याचं टेबल तिनं अजून आवरलं नव्हतं. वही उजव्या खणात होती, चौकटीच्या कागदाची, जाड पुठ्ठ्याची. ती तिनं कधी उघडली नव्हती. त्याच्या मोजमापांत तिला काडीचा रस नव्हता, आणि तो गेल्यावर त्याचं अक्षर बघायची छाती झाली नव्हती. खुर्चीत बसून तिनं पहिलं पान उलटलं.

पहिली पानं त्याच्यासारखीच होती. कडेपासून कडेपर्यंत भरलेली, एकाखाली एक आकडे, अगदी रांगेत. चाकाची जागा आतून किती, बाहेरून किती, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किती. एका पानावर चौकटीत, दोनदा अधोरेखित केलेलं: ऑफसेट 38. शेजारी लिहिलं होतं, 'फिटर चाळीस म्हणतोय. ऐकायचं नाही.'

म्हणजे त्याला अडतीसच हवा होता. योजना वगैरे काही नव्हती. मग फॉर्मवर आठ का?

ती पानं उलटत गेली. काहीतरी खटकत होतं, काय ते कळत नव्हतं. मग कळलं. लिहिणं पानाच्या कडेपासून सुरू होत नव्हतं. डावीकडे दोन बोटं जागा कोरी. पुढच्या पानांवर चार बोटं. पुढे तर सगळं लिहिणं पानाच्या उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीनं कोंबलेलं, आणि डावा अर्धा भाग पांढरा स्वच्छ. जणू कुणी तिथं पट्टी ठेवून त्याला बजावलं होतं, की इकडे यायचं नाही. शेवटच्या भरलेल्या पानावर गाडीचं चित्र होतं, वरून पाहिलेलं. उजवं पुढचं चाक, उजवं मागचं चाक, उजवा आरसा, सगळं रेखीव, मापांसकट. डावी बाजू काढलेलीच नव्हती. खोडलेली नाही, अर्धवट सोडलेली नाही. नव्हतीच. खाली त्यानं लिहिलं होतं, 'पूर्ण.'

तिनं ते पान खिडकीच्या उजेडात धरलं.

असली चित्रं तिनं पाहिली होती. डोळे तपासायचा कोर्स करताना पुस्तकात एक अख्खं पान होतं त्यांचं. डोळे चांगले असतात, पण मेंदूत एका बाजूला गाठ वाढत असली, की समोरची अर्धी बाजू माणसाला दिसेनाशी होते. तिथं अंधार वगैरे नसतो. ती बाजू जगात आहे, हेच माणूस विसरतो. अडतीसमधला तीन डावीकडे होता. फॉर्म भरताना त्याला वहीत नुसता आठ दिसला, आणि त्या सूतभर फरक न खपणाऱ्या माणसानं तो मन लावून, टोकदार अक्षरात उतरवून घेतला.

फॉर्मचा फोटो फिटरनं तिच्याही फोनवर पाठवला होता; त्यावरची तारीख तिनं पुन्हा बघितली. आणि तो आठवडा कोणता, ते तिला आठवलं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी तो दुकानात आला होता. ती शटर अर्धं ओढून हिशेबाचं ड्रॉवर बंद करत होती. "माझेही डोळे बघ ना जरा," तो म्हणाला. "वाचताना ओळीची सुरुवातच सापडत नाही. पहिला शब्द कुठे जातो कळत नाही." ती दिवसभर उभी होती, घरी पाहुणे यायचे होते. तरी तिनं त्याला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला, तक्ता लावला. त्यानं सगळ्यात खालची, बारीक ओळ मधूनच वाचायला सुरुवात केली. "सुरुवातीपासून वाच रे, चेष्टा पुरे," ती म्हणाली. त्यानं मान वळवली, पहिली अक्षरं शोधली, वाचली. दुसरा डोळाही तसाच. "डोळे ठणठणीत आहेत तुझे," तिनं सांगितलं. "लक्ष नसतं तुझं. सारखा त्या चाकांत गुंतलेला असतोस." तो म्हणाला, "असेल बाई," आणि तिची पिशवी घेऊन पुढे निघाला. शटरमधून बाहेर पडताना त्याचा डावा खांदा चौकटीवर आपटला. ती हसली होती.

आणखी एक तपासणी असते. समोरासमोर बसायचं, माणसाला आपल्या नाकाकडे बघायला सांगायचं, आपले दोन्ही हात बाजूला धरायचे आणि विचारायचं, किती बोटं? याला ना मशिन लागतं ना तक्ता. अर्धं मिनिट लागतं. त्या दिवशी तिनं ती अकरा गिऱ्हाइकांची केली होती. दुकानाचा नियमच होता तसा. तो गिऱ्हाईक नव्हता, म्हणून राहिली.

सहा आठवड्यांनी तो कारखान्यात कोसळला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, "आधी काही जाणवलं होतं का? दिसण्यात काही फरक?" आणि ती छातीठोकपणे म्हणाली होती, "नाही. मी स्वतः तपासलेत डोळे." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं होतं.

आधी कळलं असतं तर वाचला असता का? हे तिनं पहिल्यांदा विचारलं ते त्या रिकाम्या खोलीत, मोठ्यानं. गाठ वाईट जातीची होती, असं सगळेच म्हणाले होते. पण 'लहान असती तर पूर्ण काढता आली असती', हेही त्यातल्याच एकानं म्हटलं होतं. तेव्हा तिनं ते कानाआड केलं होतं. आता ते वाक्य समोर येऊन बसलं, आणि ते हटणार नव्हतं.

तिला मोह झाला. वही परत खणात ठेवावी आणि जाऊन सांगावं, सापडली नाही. म्हातारा फिटरला आणखी चार शिव्या देईल. फिटर मोठ्या मनाचा आहे, ऐकून घेईल. रंग काय, पुन्हा मारता येतो. कुणाला काही कळणार नाही. खण तिनं उघडलाही. मग तिला फिटरची खाली घातलेली मान दिसली, आणि ती वही घेऊन उठली.

गॅरेजमध्ये सासरे स्टुलावर बसले होते. रंगाचा तो तुकडा त्यांनी उचलून रुमालावर ठेवला होता.

"सापडली?"

"सापडली," ती म्हणाली. "बाबा, भावजींना काही बोलू नका. त्यांची चूक नाही. त्यानंच चुकीचा आकडा लिहिला." सासरे उसळून काही बोलणार, तेवढ्यात तिनं वही त्यांच्या मांडीवर उघडली. "आणि ही चूक त्याचीही नाही. हे बघा. हे पान भरलेलं आहे ना? आता हे बघा. आणि हे. डावीकडे त्यानं काहीच लिहिलं नाही. त्याला डावीकडचं दिसतच नव्हतं, बाबा. गाठ तेव्हाच होती. अडतीसातला तीन त्याला दिसला नाही."

सासरे पानं उलटत राहिले. गाडीच्या अर्ध्या चित्रावर त्यांनी अंगठा ठेवला आणि जिथं डावं चाक असायला हवं होतं, तिथपर्यंत नेला.

"तो माझ्याकडे आला होता," ती म्हणाली. "फॉर्म भरला त्याच आठवड्यात. म्हणाला, वाचताना सुरुवात सापडत नाही. मी तपासलं आणि सांगितलं, लक्ष नसतं तुझं. मी नीट तपासलंच नाही. घरी जायची घाई होती मला."

"वहिनी," फिटर पुढे झाला, "असं नका मनाला लावून घेऊ. तुम्ही काय डॉक्टर आहात का?"

"त्याला डॉक्टर लागत नाही, भावजी. अर्धं मिनिट लागतं."

फिटरनं पाना उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग म्हणाला, "जुनी चाकं परत लावून देतो," आणि पाठमोरा झाला. नट घट्ट करताना दोनदा त्यानं बाहीनं डोळे पुसले. सासरे एक अक्षर बोलले नाहीत. ती वाट बघत होती. त्यांनी शिव्या घातल्या असत्या, तरी तिला चाललं असतं. 'निघून जा माझ्या घरातून' म्हणाले असते, तरी ती गेली असती.

जुनी, अरुंद चाकं लागली. डाव्या कमानीवर उघडा पत्रा चमकत होता. ती गाडी चालवायला बसली, सासरे शेजारी. दोन सीटांच्या गाडीत माणसं फार जवळ बसतात. चौकातल्या सिग्नलला ती थांबली, आणि तेव्हा सासरे समोर बघत म्हणाले,

"मला माहीत होतं."

"काय?"

"त्याला डावीकडचं दिसत नाही ते." त्यांचे हात मांडीवर होते, वहीवर. "गाठीचं नाही माहीत. पण दिसत नाही, ते माहीत होतं. एका रविवारी म्हणाला, बाबा चला, चक्कर मारून येऊ. सहा वर्षांत पहिल्यांदा म्हणाला. मी बसलो. इथंच, या सीटवर. फुटपाथला त्यानं दोनदा चाक घासलं. मी म्हटलं, असेल, रस्ता अरुंद आहे. मग एक बाई चालली होती, हातात पिशवी घेऊन. वीतभर अंतरावरून गेलो आम्ही. पिशवी आरशाला लागली तिची. आणि हा आपला मला इंजिनचा आवाज ऐकवत होता. मानसुद्धा वळवली नाही त्यानं. घाबरलासुद्धा नाही. त्याच्या लेखी तिथं कुणी नव्हतंच."

तिनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"एकतीस वर्षं बस चालवली मी. दर वर्षी डोळे तपासून घ्यायचे आमचे. त्यात नापास झालेल्या ड्रायव्हरांना गाडीवरून खाली उतरवलेलं बघितलंय. मला कळतं कुणाला दिसतंय आणि कुणाला नाही."

"मग बोललात का नाही तुम्ही?"

"तू गाडी काढून घेतली असतीस." ते थांबले. "आणि तो पुन्हा म्हणाला नसता, बाबा चला."

सिग्नल हिरवा झाला होता. मागून हॉर्न वाजायला लागले, एक, मग चारपाच. तिचा पाय क्लचवरून हलेना. त्या दिवसांत तिघंही रोज एका टेबलावर जेवत होते. तिला ओळीची सुरुवात माहीत होती, यांना ती बाई माहीत होती. आणि दोघांच्या मध्ये तो बसलेला असायचा, ताटाच्या एकाच बाजूचं जेवून उठणारा, आणि ती म्हणायची, हल्ली टाकतोस फार. दोघांपैकी कुणी एकानं नुसता विषय काढला असता. तेवढंच.

"चल," सासरे म्हणाले. "लोक खोळंबलेत."

तिनं गाडी घरी आणली. उतरून ती घरात गेली, ते मागे राहिले. अंधार पडेपर्यंत ते गाडीतच बसून होते. बोलवायला ती गेली नाही. गेली असती तर काय बोलली असती, देव जाणे.

पुढे जे झालं ते फारसं सांगण्यासारखं नाही. खास मापाची चाकं परत घेता येत नाहीत, असं बनवणाऱ्यांनी कळवलं. फिटरनं पाचपंचवीस गाड्यांच्या मापांशी ती जुळवून बघितली, कुठल्याच गाडीला ती होईनात. गाडी महिन्याभरात गेली. लांबच्या गावचा एक संगीत शिकवणारा माणूस आला, कमानीवरचा उघडा पत्रा बघून "अपघात का?" म्हणाला. "हो," ती म्हणाली. त्यानं आणखी विचारलं नाही. तो गाडी घेऊन वळणापलीकडे गेला तेव्हा सासरे आत वर्तमानपत्र वाचत होते. नुसतं तोंडासमोर धरलं होतं.

दोघं एकाच घरात राहिली. दुसरीकडे जायला दोघांनाही जागा नव्हती, आणि इच्छाही नव्हती. दूध आलं का, किल्ली घेतलीस का, गॅस बंद केला का, एवढं बोलणं व्हायचं. तिसरी खुर्ची तिनं भिंतीला लावून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी ती परत टेबलाला लागलेली होती. तिनं पुन्हा हलवली नाही.

एका सकाळी ती कामावर निघाली होती. पायात चपला सरकवत होती. सासरे चहाचा कप हातात धरून म्हणाले, "तू मला दोष देत असशील तर बोलून टाक."

"नाही देत, बाबा."

"मी देतो," ते म्हणाले.

कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. ती दार ओढून जिना उतरली.